निवृत्ती १९३० साली? एक्सेलमधल्या तारखा २०३० च्या आधी नीट लावून घ्या

आस्थापना शाखेत नवीन रुजू झालेल्या माणसाकडे पहिल्या काही दिवसांतच एक काम हमखास येतं. सेवापुस्तकं समोर ठेवायची आणि कर्मचाऱ्यांची यादी एक्सेलमध्ये चढवायची. नाव, पदनाम, जन्मतारीख, रुजू दिनांक, सेवानिवृत्तीचा दिनांक. काम सोपं वाटतं, म्हणूनच ते नवीन माणसाला दिलं जातं. पण या यादीत सध्या एक सापळा आहे आणि तो दरवर्षी जास्त माणसांना धरणार आहे.

१५ जून १९७२ ला जन्मलेला राज्य शासनाचा कर्मचारी घ्या. वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्ती, म्हणजे ३० जून २०३०. तुम्ही रजिस्टरात लिहितो तसं टाइप केलं: ३०/६/३०. एंटर दाबलं. समोर ३०-०६-३० दिसलं, तुम्ही पुढच्या ओळीवर गेलात. एक्सेलने मात्र आत ३० जून १९३० अशी नोंद घेतली. माणूस जन्माला यायच्या ४२ वर्षं आधीच निवृत्त. पडद्यावर चूक कुठेच दिसत नाही, कारण वर्षाचे शेवटचे दोनच अंक दिसताहेत आणि ते दोन्ही बाजूंनी बरोबर आहेत. कळतं ते पुढे: यादी निवृत्तीच्या तारखेनुसार लावली की हे गृहस्थ सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसतात, आणि ‘उर्वरित सेवा’ या रकान्यात उणे शंभरच्या आसपासचा आकडा येतो. तेही कोणी बघितलं तर.

असं होतं कारण दोन अंकी वर्ष दिलं की शतक कोणतं, हे सॉफ्टवेअरला स्वतःच ठरवावं लागतं. एक्सेलमध्ये एक्सेल ९७ पासूनचा नेहमीचा ठोकताळा असा: ०० ते २९ म्हणजे २००० ते २०२९, आणि ३० ते ९९ म्हणजे १९३० ते १९९९. विसावं शतक संपताना हाच घोळ वायटूके नावाने जगभर गाजला होता. जुन्या प्रोग्रामांमध्ये जागा वाचवायला वर्षाचे दोनच अंक साठवलेले होते, ते दुरुस्त करायला मोठी फौज लागली आणि आपल्याकडच्या आयटी कंपन्यांना त्यातून भरपूर काम मिळालं. तेव्हा अनेक ठिकाणी दुखणं मुळातून बरं करण्याऐवजी अशी एक सीमा आखून पुढे ढकललं गेलं. २०३० तेव्हा फार लांब वाटत होतं. आता पाच-सात वर्षांचं कर्ज, मुदत ठेव, भाडेकरार, विम्याची मुदत, यंत्राची वॉरंटी यांतलं काहीही टाइप करा, तारीख सीमेपलीकडे जाते. त्यामुळे आपल्या फायलींपुरता शतकबदल २०३० सालीच आहे असं धरून चाला.

आधी विंडोज, मग एक्सेल

एक्सेल उघडण्याआधी विंडोजची सेटिंग बघा, कारण तारीख कशी वाचायची हे एक्सेल तिथून उचलतो. विंडोजची कळ आणि आर दाबून रनची चौकट उघडा, त्यात आय-एन-टी-एल डॉट सी-पी-एल हे इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर करा. ‘रीजन’ नावाची खिडकी येईल. (कंट्रोल पॅनेलमधून रीजनवर गेलात तरी तिथेच पोचाल.)

सगळ्यात वर ‘फॉरमॅट’ आहे. तिथे इंग्लिश (इंडिया) असायला हवं. पुष्कळ संगणकांवर इंग्लिश (युनायटेड स्टेट्स) तसंच राहिलेलं असतं, कारण विंडोज चढवणाऱ्याने ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ केलेलं असतं. हे एक बदललंत तरी निम्मा त्रास जातो. का, ते थोडं पुढे सांगतो.

मग ‘ॲडिशनल सेटिंग्ज’, त्यात ‘डेट’ हा टॅब. शॉर्ट डेटच्या जागी दोन डी, दोन एम आणि चार वाय असा साचा ठेवा. इथे एम मोठ्या लिपीत लागतो. विंडोजच्या लेखी छोटा एम म्हणजे मिनिटं. त्याच टॅबवर दोन अंकी वर्ष कोणत्या कालखंडात धरायचं याची ओळ आहे. त्यात बहुधा १९३० ते २०२९ दिसेल. पुढचा आकडा बदलता येतो, मागचा आपोआप शंभर वर्षांच्या हिशेबाने सरकतो.

बहुतेक जण इथे थांबतात: २०२९ चं २०४९ केलं, प्रश्न मिटला. माझ्या मते हा उपाय आस्थापनेच्या कामात घातक आहे. याच टेबलावर निवृत्तिवेतनधारकांची यादीही असते. त्यात १९४३ साली जन्मलेले आजोबा असतात, कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या १९३८ च्या आजी असतात. सीमा २०४९ ला नेलीत की १२/५/४३ चा अर्थ १२ मे २०४३ होतो. म्हणजे एका यादीतली चूक काढून दुसऱ्या यादीत घातली. शिवाय ही सेटिंग त्या एका संगणकापुरती, म्हणून शेजारच्या टेबलावर तेच टाइप केलं तर वेगळंच शतक येणार. तेव्हा ही ओळ बघून ठेवा, आपल्या संगणकावर काय आहे ते माहीत असू द्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. वर्ष टाइप करताना चारही अंक टाइप करायचे. दोन जादा कळा दाबाव्या लागतात, एवढाच काय तो खर्च.

चेकवर तारखेसाठी आठ चौकोन छापलेले असतात, त्यातले चार वर्षाचे. बँकेने ती सवय आपल्याला लावलीच आहे. तीच कीबोर्डवर आणायची.

रकाना भरण्याआधी त्याचा साचा ठरवा

आता एक्सेल. तारखेचा पूर्ण रकाना निवडा, कंट्रोल आणि १ दाबा. ‘फॉरमॅट सेल्स’ उघडेल. डावीकडे ‘डेट’ निवडलंत की तयार साच्यांची यादी येते. त्यातल्या काहींच्या आधी तारका असते. तारकावाले साचे विंडोजच्या सेटिंगप्रमाणे रूप बदलतात: तुमच्याकडे ०५-०४-२०३० दिसणारी तारीख, अमेरिकी सेटिंगच्या संगणकावर ४/५/२०३० दिसेल. तारीख आतून तीच असते, पण वाचणाऱ्याला मे महिना वाटतो. फाइल इकडून तिकडे फिरणार असेल तर तारकावाला साचा घेऊ नका.

मी ‘कस्टम’मध्ये जाऊन दोन डी, तीन एम, चार वाय असा साचा द्यायला सांगतो, मध्ये आडव्या रेघा. मग तारीख ०५-एप्रिल-२०३० अशा धर्तीवर, महिन्याच्या इंग्रजी आद्याक्षरांसह दिसते. महिना अक्षरांत आला की दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊच शकत नाही, आणि चार वाय असल्यामुळे शतक डोळ्यांसमोर राहतं. ३०/६/३० असं चुकून टाइप झालं तरी लगेच १९३० दिसेल आणि तुम्ही थांबाल. महिन्यांची नावं मराठीत हवी असतील तर ‘डेट’च्या पानावर खाली ‘लोकेल’ आहे, तिथे मराठी निवडा.

एक गोष्ट इथेच पक्की समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एक्सेल तारीख साठवतो ती एका साध्या क्रमांकाच्या रूपात. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून रोज एक वाढवत जायचं. १ जानेवारी २००० चा क्रमांक ३६५२६ आहे. १ एप्रिल २०३० चा ४७५७४, आणि १ एप्रिल १९३० चा ११०४९. साचा बदलल्याने हा क्रमांक बदलत नाही, फक्त त्याचा पोशाख बदलतो. म्हणून शंका आली की सेलचा साचा ‘जनरल’ करून बघा. आतला क्रमांक उघडा पडतो, आणि अकरा हजार की सत्तेचाळीस हजार हे एका नजरेत कळतं.

जनरल केल्यावरही काहीच बदललं नाही, तारीख होती तशीच दिसली, तर ती तारीख नाहीच. तो मजकूर आहे.

तारीख की मजकूर?

जुन्या फायलींमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. कोणीतरी ‘दि. ५/४/२०२५’ असं लिहिलेलं असतं, कोणी रजिस्टरातल्यासारखे टिंब देऊन ५.४.२५ असं. एक्सेलला या तारखा वाटत नाहीत, तो त्यांना अक्षरं समजून डावीकडे चिकटवतो. खरी तारीख उजवीकडे चिकटते. अर्थात कोणी रकाना मुद्दाम मधोमध केला असेल तर ही खूण दिसत नाही. आधी अलाइनमेंट काढून टाका, मग बघा.

एखाद्या रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर त्यांचे दिवस तपासा. १३ ते ३१ दिवसांच्या सगळ्या डावीकडे आणि १ ते १२ च्या उजवीकडे असतील, तर फाइल अमेरिकी सेटिंगच्या संगणकावर भरली गेली आहे. तिथे २५/०४/२०२५ ही तारीख होऊच शकत नाही, कारण पंचविसावा महिना नाही, म्हणून ती मजकूर राहिली. आणि ०५/०४/२०२५ ही सरळ ४ मे म्हणून आत गेली. लोक डावीकडच्या दुरुस्त करत बसतात, कारण त्या बिघडलेल्या दिसतात. बिघडल्या आहेत उजवीकडच्या! डावीकडच्या निदान जशा टाइप केल्या तशा शिल्लक तरी आहेत.

मजकुराच्या तारखा खऱ्या करायला रकाना निवडा आणि ‘डेटा’ मेनूतून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा. पहिल्या दोन पायऱ्यांवर फक्त नेक्स्ट. तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ निवडून शेजारी डीएमवाय ठेवा, म्हणजे मूळ मजकुरात आधी दिवस, मग महिना, मग वर्ष आहे असं एक्सेलला सांगितलं. फिनिश. ‘दि.’ सारखी अक्षरं आधी ‘फाइंड अँड रिप्लेस’ने काढून घ्या. उजवीकडच्या उलट्या झालेल्या तारखांना मात्र हा उपाय लावू नका. त्यांच्यासाठी शेजारी वेगळा रकाना घेऊन डेट फंक्शनमध्ये वर्ष तेच ठेवायचं आणि महिना व दिवस यांची जागा बदलायची, आणि मग सेवापुस्तकाशी ताडून बघायचं. ताडल्याशिवाय ती यादी साहेबांपुढे ठेवू नये.

डेट फंक्शन वापरताना वर्ष चार अंकीच द्या. तिथे १९३०-२०२९ हा ठोकताळा चालत नाही. लहान आकडा दिला की एक्सेल त्यात सरळ १९०० मिळवतो. २५ दिलेत तर १९२५ मिळेल.

आधीच १९३० झालेल्या नोंदी शोधणं

फिल्टर लावा. शीर्षकाच्या ओळीवर असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एल. तारखेच्या रकान्यातला छोटा बाण उघडलात की एक्सेल खऱ्या तारखा वर्षांप्रमाणे गोळा करून दाखवतो, आणि मजकूर असलेल्या तारखा त्यांच्या खाली सुट्या पडलेल्या दिसतात. निवृत्तीच्या रकान्यात १९३०, १९३१, १९३४ अशी वर्षं आली तर ती चुकीची आहेत हे सांगायला कोणी लागत नाही. जन्मतारखेच्या रकान्यात उलट बघायचं: २०२७, २०२८ दिसलं तर ते १९२७, १९२८ चे निवृत्तिवेतनधारक आहेत.

दुरुस्तीसाठी ईडेट हे फंक्शन सोयीचं. ते तारखेत महिने मिळवतं. शंभर वर्षं म्हणजे १२०० महिने. शेजारच्या रिकाम्या रकान्यात सूत्र असं बसवा की वर्ष १९५० पेक्षा कमी असेल तर १२०० महिने मिळवलेली तारीख, नाहीतर आहे तीच. जन्मतारखेसाठी अट वेगळी: तारीख आजच्या पुढची असेल तर उणे १२००. दोन्ही रकान्यांना एकच सूत्र ओढू नका. निकाल तपासला की तो कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त ‘व्हॅल्यूज’ मूळ रकान्यावर टाका. त्याआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवलेली असावी, हे वेगळं सांगायला नको.

निवृत्तीचा दिनांक तर मुळात टाइपच करू नये. जन्मतारीख चार अंकी वर्षासह बरोबर असेल तर तो सूत्राने निघतो. ५८ वर्षं म्हणजे ६९६ महिने. जन्मतारखेला ईडेटने ६९६ महिने मिळवा, त्यातून एक दिवस वजा करा, आणि जे येईल त्याला ईओमंथ लावून शून्य महिने द्या. म्हणजे त्या महिन्याची शेवटची तारीख मिळते. १५ जून १९७२ चा निकाल ३० जून २०३० येतो. एक दिवस वजा करण्याचं कारण १ तारखेला जन्मलेले कर्मचारी. १ जून १९७२ ला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस, म्हणजे ३१ मे २०३० ला निवृत्त होतो, आणि या सूत्रात तो नियम आपोआप पाळला जातो. गट ‘ड’ च्या ६० वर्षांसाठी ६९६ ऐवजी ७२०. सूत्र टाकल्यावर ४७६६४ असा आकडा दिसला तर घाबरू नका, वर सांगितलेला साचा लावायचा राहिला आहे.

चुकीची तारीख आत येऊच नये म्हणून

रकाना निवडा, ‘डेटा’ मेनूत ‘डेटा व्हॅलिडेशन’. ‘अलाउ’मध्ये डेट निवडून दोन टोकं द्या. रुजू दिनांकाला १९८० पासून आजपर्यंत, भाडेकराराच्या अखेरीला २०२० ते २०६०, असं तुमच्या कामाप्रमाणे. ‘एरर अलर्ट’मध्ये मराठीत संदेश लिहिता येतो. “वर्षाचे चारही अंक लिहा” एवढा पुरे. पण दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेल्या तारखांना ही चौकी अडवत नाही, आणि आधीपासून आत असलेल्यांनाही नाही. त्यासाठी त्याच मेनूत ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ आहे; मर्यादेबाहेरच्या सेलना लाल वेढा पडतो.

गूगल शीट्समध्ये काम करत असाल तर फाइल मेनूतल्या ‘सेटिंग्ज’मध्ये लोकेल भारत आहे ना ते बघा. ते त्या शीटपुरतं असतं, म्हणजे प्रत्येक नव्या शीटला एकदा नजर टाकायची. लिब्रेऑफिसमध्ये दोन अंकी वर्षांची सीमा ‘टूल्स’च्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘जनरल’खाली आहे.

सीएसव्ही: इथे शतक खरंच हरवतं

वेतन प्रणालीत चढवायला किंवा वरिष्ठ कार्यालयाला पाठवायला यादी पुष्कळदा सीएसव्हीमध्ये मागतात. सीएसव्ही ही साधी मजकुराची फाइल आहे. तिच्यात आतला क्रमांक जात नाही, पडद्यावर जे दिसतं ते जातं. तुमच्याकडे तारीख आतून अगदी बरोबर ३० जून २०३० असेल, पण रकान्याचा साचा दोन वायचा असेल, तर फाइलमध्ये ३०-०६-३० एवढंच लिहिलं जातं. समोरच्याने ती एक्सेलमध्ये उघडली की पुन्हा १९३०. सगळी दुरुस्ती पाण्यात. म्हणून सीएसव्ही काढण्याआधी रकान्यांना चार वायचा साचा लावा, आणि तयार झालेली फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी बघा.

आलेली सीएसव्हीसुद्धा डबल क्लिक करून उघडू नका. कोरी वर्कबुक उघडून ‘डेटा’ मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, तिथे रकान्याचा प्रकार आधी ठरवता येतो.

तारीख नसलेल्याही तारखा होतात

याच ओघात एक उलटा त्रास. जावक क्रमांक ५/२०२४ टाइप केलात की एक्सेल त्याची मे २०२४ करतो. गट क्रमांक १२/३ चा १२ मार्च होतो. आर्थिक वर्ष म्हणून ११-१२ लिहिलंत तर ११ डिसेंबर. आणि हो, ७/१२ चा ७ डिसेंबर! एकदा तारीख झाली की साचा बदलून मूळ क्रमांक परत येत नाही, नुसता पाच अंकी आकडा समोर येतो. अशा रकान्यांना काहीही टाइप करण्याआधी कंट्रोल आणि १ मधून ‘टेक्स्ट’ साचा लावून ठेवा.

वर्डमधली पत्रं आणि फायलींची नावं

वर्डमध्ये ‘इन्सर्ट’मधून तारीख टाकताना ‘अपडेट ऑटोमॅटिकली’ची खूण काढा. नाहीतर मार्चमध्ये पाठवलेलं पत्र ऑगस्टमध्ये उघडलं की त्यावर ऑगस्टची तारीख दिसते, आणि माहिती अधिकारात प्रत मागितली गेली तर काय उत्तर देणार? एक्सेलमध्येही तसंच: आजची तारीख कायमची हवी तर कंट्रोल आणि अर्धविरामाची कळ, टुडे फंक्शन नको.

मेल मर्जमध्ये एक्सेलच्या तारखा वर्डमध्ये गेल्यावर अमेरिकी क्रमाने उमटतात, अनेकांनी हे भोगलेलं असतं. सगळ्यात सोपा मार्ग: एक्सेलमध्येच शेजारी टेक्स्ट फंक्शनने तारखेचा हवा तसा मजकूर करून घ्या आणि मेल मर्जला तो रकाना द्या. मूळ तारखेचा रकाना हिशेबासाठी तसाच राहू द्या.

फायलींच्या नावात तारीख घालताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०३०-०३-३१. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम हाच आहे. नावाप्रमाणे लावलेल्या फायली मग आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. तिरपी रेघ विंडोज नावात घेतच नाही.

१९०० च्या आधीचं काही असेल तर

जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, गाव नमुना १४ मधले उतारे संगणकावर घेणाऱ्यांना १८८४ किंवा १८९७ सालच्या तारखा लागतात. एक्सेलचं कॅलेंडर १९०० पासून सुरू होतं, त्याआधीची तारीख तो मजकूर म्हणूनच ठेवतो. त्या रकान्याला मुद्दाम ‘टेक्स्ट’ साचा द्या आणि सगळ्या नोंदी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, एक अंकी महिन्याआधी शून्य लावून लिहा: १८८४-०७-०९. मजकूर असूनही क्रम बरोबर लागतो. वय मात्र अशा नोंदींवरून सूत्राने निघणार नाही. ते वर्षाचे पहिले चार अंक लेफ्ट फंक्शनने वेगळे काढून वजाबाकीने काढावं लागेल, आणि एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो हे शेऱ्यात नोंदवून ठेवावं लागेल.